अठरा सेकंद, मूठ वर

हे मला आत्ताच सांगायचंय. अंघोळ नंतर, नाश्ता नंतर. ग्राउंडच्या पायरीवर बसून लिहितेय, बुटांच्या नाड्यासुद्धा सोडलेल्या नाहीत, अंगठे घामेजलेत त्यामुळे स्क्रीनवर भलतीच अक्षरं उमटतायत. पण घरी जाऊन शांतपणे लिहीन म्हटलं तर ते शहाण्यासारखं होईल, आणि मला ते शहाण्यासारखं नकोय. तासाभरापूर्वी मला एक गोष्ट कळली. नोव्हेंबरपासून जी मॅच मी रोज मनातल्या मनात एकटी हरतेय, ती मी एकटीने हरलेच नव्हते.

थांबा, पहिल्यापासून सांगते.

मी आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीममध्ये गार्ड आहे. गार्ड म्हणजे टीममधली सगळ्यात बुटकी. बॉल मागून पुढे आणायचा, कोणाला द्यायचा, कधी द्यायचा, वेगात खेळायचं की सावकाश, हे तिने ठरवायचं. बास्केट दुसऱ्या करतात, टाळ्या दुसऱ्यांना पडतात, आणि चुकलं की सगळ्या गार्डकडे बघतात. मला हे काम वेड्यासारखं आवडायचं. रस्त्यावरून चालतानाही मी समोरच्या माणसांना मनातल्या मनात पास देत असायचे. स्वारगेटच्या गर्दीत कोण कुठून वळणार ते आधीच दिसायचं मला, खरंच.

आमची कॅप्टन मला दोन वर्षं सीनियर. तिला आम्ही नुसतं ताई म्हणतो. उंच, खांदे रुंद, बोलणं कमी. ती मला बुटके म्हणते आणि बाकी कोणी म्हटलं तर त्याच्याकडे अशी बघते की तो परत म्हणत नाही. मी टीममध्ये आले तेव्हा आमची टीम म्हणजे भाजी मंडई होती. कोर्टवर पाचही जणी एकाच वेळी ओरडायच्या. "इकडे दे", "अगं मी मोकळी आहे", "वर जा, वर". मध्ये मी, हातात बॉल, आणि डोक्यात नुसता कालवा. एक मॅच तर आम्ही अशी हरलो की शेवटच्या मिनिटाला आमच्याच दोघींनी एकमेकींच्या हातातून बॉल ओढला.

त्या दिवशी ताईने नियम केला. गार्डची मूठ वर गेली की बाकी चौघींची तोंडं बंद. मूठ म्हणजे सावकाश, बॉल धरून ठेवायचा, गार्ड सांगेपर्यंत कोणी बास्केटवर टाकायचा नाही. प्रत्येकीने आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं. पटो न पटो. भांडायचं ते मॅच संपल्यावर.

आमच्या शूटरने, म्हणजे कोपऱ्यातून लांबून बास्केट करते ती, लगेच विचारलं, "आणि गार्डच चुकत असेल तर?"

ताई म्हणाली, "मग पाचही जणी मिळून चुकू. आत्ता पाच वेगवेगळ्या चुका करतोय, त्यापेक्षा बरं."

यावर सगळ्या हसल्या. मी पण हसले. त्यानंतर आम्ही जिंकायला लागलो. मी मूठ वर केली की कोर्टवर अशी शांतता पसरायची की मला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. चार मुली आपापल्या जागी जाऊन थांबायच्या, जणू मी वर्गात खडूने त्यांच्या जागा आखून ठेवल्यात. एवढा विश्वास मला घरातसुद्धा कोणी दिला नव्हता. घरी मला अजून गॅस बंद करता येतो की नाही याची शंका घेतात.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, स्कोअरची. आमच्या मॅचेस उघड्या ग्राउंडवर होतात आणि टेबलावर आकडे उलटायचा छोटा बोर्ड असतो. वारा आला की आकडे आपोआप उलटतात. म्हणून आमच्या कोच सरांनी पहिल्या दिवशीच मला बजावलं होतं, "बोर्डाकडे बघू नका. स्कोअर डोक्यात ठेवायचा. तेवढी जागा असेल ना तिथे?" सर चिडले की आम्हाला अहो-जाहो करतात. मी स्कोअर डोक्यात ठेवायला शिकले, आणि मला त्याचा गर्व होता. दोन वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

नोव्हेंबरात झोनलची फायनल होती, कॅम्पातल्या एका ग्राउंडवर. जिंकलो असतो तर पुढच्या फेरीत गेलो असतो. आणि ताईसाठी तर तेवढंच उरलं होतं. जानेवारीपासून तिची हिंजवडीला इंटर्नशिप ठरलेली होती, त्यामुळे हरलो तर ही तिची शेवटची मॅच. तिने हे एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. पण त्या सकाळी ती तिच्या बुटांच्या नाड्या फार वेळ बांधत बसली होती. मी बघितलं होतं.

दुपारचं ऊन तिरपं झालं होतं. सिमेंटचं कोर्ट आतून उजळल्यासारखं दिसत होतं, आणि वर घारी फिरत होत्या, अगदी सावकाश, त्यांना कुठेच जायचं नसल्यासारख्या. शेवटचं मिनिट. आम्ही एका पॉइंटने मागे. बॉल माझ्याकडे. माझ्यामागे लागलेल्या मुलीच्या वाटेत ताई भिंतीसारखी येऊन उभी राहिली, मी तिच्या खांद्याला घासून आत शिरले आणि बॉल टाकला. तो रिंगभर एक चक्कर मारून आत पडला. लोक ओरडले. मी वळून उलटी पळत सुटले, डिफेन्सला, हवेत तरंगल्यासारखी. डोक्यात आकडा बदलला. आता आम्ही एकाने पुढे.

पण ते बास्केट झालंच नव्हतं. भिंत बनून उभं राहायचं तर पाय हलवायचा नसतो, आणि ताईचा पाय हलला होता. रेफरीने फाउल दिला, बास्केट रद्द केलं, दोन्ही हात हवेत फुलीसारखे फिरवून दाखवलं. सगळ्यांनी पाहिलं. फक्त मी पाहिलं नाही, कारण मी तोपर्यंत पाठ करून अर्ध्या कोर्टापलीकडे गेले होते. बास्केट झालं असतं तरी बॉल त्यांच्याकडेच गेला असता, फाउल झाला तरी त्यांच्याकडेच. त्यामुळे मला संशय यायला काही जागाच नव्हती.

त्यांनी बॉल आणला, टाकला, चुकला. ताईने उडी मारून तो खाली काढला आणि माझ्याकडे दिला. टेबलावरून कोणीतरी ओरडलं, "अठरा सेकंद."

मी मूठ वर केली.

यानंतरचं कसं सांगू. पाण्याखाली डोकं घातल्यावर आवाज दूर जातात ना, तसं झालं. चौघी आपापल्या जागी गेल्या. शूटर कोपऱ्यात, ताई रिंगच्या डाव्या बाजूला. मी मध्यभागी उभी राहून बॉल आपटत होते, टप्, टप्, आणि प्रत्येक टप्प्याबरोबर एकेक सेकंद माझ्या पायाशी येऊन पडत होता. समोरची मुलगी माझ्या अंगावर येतच नव्हती. हात पसरून लांब उभी. मला वाटलं, थकली बिचारी, हार मानली हिने. बाकावरून सर ओरडत होते, पण सर अख्खी मॅच ओरडतात. ऊन माझ्या मनगटावर होतं. एका घारीची सावली कोर्टवरून गेली आणि तिने कोणाच्याच पायाला धक्का लावला नाही. मला आठवतंय, मी मनात म्हटलं, हे संपू नये. जिंकणं म्हणजे बास्केट होणं नसतं, जिंकणं म्हणजे हे. आपल्याकडे एका पॉइंटचं सुख आहे आणि ते नुसतं सांभाळत उभं राहायचंय. ताईला अजून एक मॅच मिळणार. मीच देणार ती तिला, काही न करता, नुसती उभी राहून.

भोंगा वाजला. मी बॉल आभाळात फेकला आणि पळत जाऊन ताईला मिठी मारली.

तिने मला धरलं. घट्ट. काही बोलली नाही. तिच्या जर्सीला घामाचा आणि दुखऱ्या गुडघ्याच्या मलमाचा वास येत होता. मी तिच्या खांद्यावरून बघितलं तर समोरची टीम नाचत होती. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, किती मोठ्या मनाच्या आहेत या, हरल्या तरी नाचतायत.

मग मला आमची शूटर दिसली. ती अजून कोपऱ्यातच उभी होती, बॉल झेलायला हात पुढे केलेले, तशीच.

सर माझ्याजवळ आले. ओरडले नाहीत. "अहो," ते म्हणाले, "आपण मॅच खेळायला आला होतात की ध्यानाला बसायला? तसं आधी सांगायचं, आसन आणलं असतं."

स्वारगेटपर्यंत बसमध्ये ताई माझ्या शेजारी बसली होती. मी सॉरी म्हणायचा प्रयत्न केला तर तिने खिडकीबाहेर बोट दाखवून म्हटलं, "ते बघ, नवीन ज्यूस सेंटर." तिथे काहीही नवीन नव्हतं. घरी आईने दार उघडलं, माझं तोंड बघितलं आणि म्हणाली, "हरलात ना? चल, पानं घेतलीयेत." मी तीन पोळ्या खाल्ल्या आणि मग बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

जानेवारीत ताई हिंजवडीला जायला लागली. मी खेळत राहिले, पण मूठ वर करेना. हातच जाईना. बॉल आला की चटका बसल्यासारखा दुसरीकडे द्यायचा. हळूहळू कोर्टवर परत मंडई भरली. रात्री डोळे मिटले की ते अठरा सेकंद यायचे, आणि खरं सांगू का, वाईट हे नव्हतं की ते भयानक होते. वाईट हे होतं की ते अजूनही सुंदर होते. तेच ऊन, तीच सावली. आयुष्यातले सगळ्यात छान अठरा सेकंद मी हरण्यात घालवले होते, आणि त्या छानपणाची मला लाज वाटायची. आपण ताईची शेवटची मॅच घालवली आणि वर त्यात सुख घेतलं.

गेल्या सोमवारी मी सरांना सांगितलं, गार्ड दुसऱ्या कोणालातरी करा.

सर म्हणाले, "राजीनामा लेखी द्या. दोन प्रतींत." मग एकेरीवर येऊन, खऱ्या आवाजात, "रविवारी मैत्रीपूर्ण सामना आहे. शनिवारपर्यंत ठरव. त्या दिवशी तू नाही म्हणालीस तर मी दुसरी मुलगी घेईन, आणि मग मी तुला परत विचारणार नाही."

आज शनिवार.

सकाळी सहाला आले तर कोर्टवर सावरीची लाल फुलं पडलेली, जाड, मांसल, पायाखाली आली की घसरायला होतं. आम्ही ती गोळा करून कडेला टाकत होतो तेवढ्यात गेटातून ताई आली. शनिवारची सुट्टी म्हणून. थोडी जाड झालीये, डोळ्यांखाली काळं. कोणी काही विचारायच्या आत म्हणाली, "तीन-तीन खेळू, अकरा पॉइंटला आधी पोचेल ती टीम जिंकली. बुटकी माझ्याकडे."

खेळण्याआधी आम्ही दोघी कडेला बसून स्ट्रेचिंग करत होतो.

"तू मूठ वर करत नाहीस म्हणे," ती म्हणाली.

"सरांनी सांगितलं?"

"ग्रुपवर रोज तेच चाललेलं असतं. मला ग्रुपमधून काढायचं राहिलंय तुमचं."

मी दुसरा पाय लांब केला. मग तिने एकदम, वेळ किती झाली सांगावी तसं सांगितलं, "मला माहीत होतं."

"काय?"

"स्कोअर. फाउल माझाच होता ना, मला नाही कळणार तर कोणाला? आपण मागे होतो हे मला पूर्ण अठरा सेकंद माहीत होतं."

"मग तू बोलली का नाहीस?"

"मूठ वर होती."

मी तिच्याकडे बघितलं. ती पायाचा अंगठा धरून पुढे वाकलेली होती, चेहरा दिसत नव्हता.

"पहिले दहा सेकंद मला वाटलं, तुझ्या डोक्यात काहीतरी आहे," ती गुडघ्याशी बोलत होती. "शेवटी आत शिरणार, मला देणार. मग मी तुझं तोंड बघितलं. तू हसत होतीस गं. मागे असताना असं कोणी हसत नाही. तेव्हा मला कळलं की तुला माहीतच नाहीये. सहा-सात सेकंद होते अजून. नुसतं ओरडायचं होतं."

"पण नियम..."

"माझाच होता. मीच मोडला असता तर मग तो राहिला कुठे? असं वाटलं तेव्हा. आणि आता हिंजवडीच्या बसमध्ये रोज दीड तास वाटतं, काय मूर्ख बाई आहे मी. एका नियमापायी बुटकीला तोंडावर पाडलं."

मला पहिल्यांदा काय वाटलं असेल? बरं नाही वाटलं. राग आला. इतके महिने मी जे एकटीने वाहिलं, ते हिने येऊन अर्धं उचललं, आणि मला ते माझ्या हातून कोणी काढून घेतल्यासारखं वाटलं. हार माझी होती. मी ती जपून ठेवली होती, रोज पुसून. मी म्हटलं, "चूक माझी होती ताई, तू उगाच मध्ये येऊ नकोस."

"फाउल कोणाचा होता?"

"पाठ कोणी फिरवली?"

"नियम कोणी केला?"

"स्कोअर कोणाच्या डोक्यात होता?"

मागून आमची शूटर म्हणाली, "तुमचं ठरलं की सांगा. मी पण कोपऱ्यात उभी होते, मला पण माहीत होतं. मला किती टक्के मिळणार?"

आम्ही दोघी तिच्याकडे वळलो. ती पण. इतके महिने ती पण. म्हणजे आम्ही सगळ्या एकच मॅच आपापल्या घरी, वेगवेगळी हरत होतो. मिठीत ताई गप्प का होती तेही आत्ता लक्षात आलं. मला कळेपर्यंत मी जिंकलेली राहणार होते, आणि तेवढा वेळ तिने मला धरून ठेवलं होतं.

मी विचारलं, "तू ओरडली असतीस तर मी ऐकलं असतं का?" आणि मीच उत्तर दिलं, "नसतं. मला वाटलं असतं तू आनंदाने ओरडतेयस."

ताईला हसू फुटलं. मग ती उठली, हात झटकले. "नियम बदल," ती म्हणाली. "मूठ वर गेली की तोंडं बंद, ते ठीक. पण कोपऱ्यातलीने एकदा स्कोअर सांगायचा. मोठ्याने. आणि गार्डने तो परत म्हणून दाखवायचा. मग काय करायचं ते गार्डचं."

"मी का बदलू? नियम तुझा आहे."

"मी कुठे टीममध्ये आहे आता?"

हे तिने अगदी सहज म्हटलं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं. पण खरंच होतं ते. ती पाहुणी होती.

आम्ही तीन-तीन खेळलो. ताई, शूटर आणि मी एका बाजूला. ऊन कोवळं, कोर्टवर झाडाच्या सावलीची जाळी, आणि आमचे पाय त्या जाळीतून आत-बाहेर. दहा मिनिटं मी नेहमीसारखीच बॉल आला की देऊन टाकत होते. समोरच्या दहावर पोचल्या. बॉल माझ्याकडे आला, आणि काय झालं मला माहीत नाही, माझा हात वर होता. मूठ मिटलेली. मी त्या मुठीकडे मान वर करून बघितलं, दुसऱ्या कोणाची असल्यासारखं.

शांतता. कोपऱ्यातून शूटर म्हणाली, "आठ-दहा. मागे."

"आठ-दहा, मागे," मी म्हटलं. माझा आवाज फाटला.

मग मी आत शिरले, दोघी माझ्यावर आल्या, आणि मी ताईकडे न बघता बॉल ती असेल तिथे दिला. ती तिथे होती. तिने टाकला. बॉल रिंगवर आपटला, बाहेर आला, समोरच्यांनी तो नेला आणि मॅच संपवली.

हरलो. मी कोर्टच्या मधोमध उभी होते आणि मला सगळं ऐकू येत होतं, पक्षी, रस्त्यावरची रिक्षा, ताईचं स्वतःलाच शिव्या देणं. यावेळी हरताना मला माहीत होतं की मी हरतेय. ते इतकं साधं असतं हे मी विसरलेच होते. दुखतं, आणि दुखून जागच्या जागी राहतं. पाठलाग करत घरी येत नाही.

सर आले तेव्हा मी त्यांना म्हटलं, "उद्या गार्ड मीच."

"बरं," सर म्हणाले. "मग आज ती फुलं जरा अजून लांब टाका. आमची गार्ड घसरायला नको."

ताई आत्ताच गेली, तिला घरी भाजी निवडायला बोलावलंय. मी इथे बसून हे लिहितेय आणि सारखं एकच डोक्यात फिरतंय, म्हणून तुम्हालाच विचारते. तुमच्या बाबतीत झालंय का असं? तुम्ही ठार चुकत होतात, आजूबाजूच्या सगळ्यांना दिसत होतं, आणि तुमच्यावर विश्वास होता म्हणूनच कोणी बोललं नाही? किंवा उलटं, तुम्हीच कोपऱ्यात उभे होतात, सगळं माहीत असून गप्प? मग ती हार तुम्ही कोणाच्या नावावर ठेवलीत, आणि दुसऱ्या माणसाला कधी विचारलंत का, की तीच हार त्याच्याही घरी आहे म्हणून?